डावीकडची सीट

मी बोलतेय, पण माझं वय मात्र विचारू नका. माझं इंजिन वेगळं जगलं, बॉनेट वेगळं जगलं, सीट आणखी वेगळी. मी एक जुनी पिकअप आहे. माझी पुढची-मागची चारही चाकं एकदम ओढ घेतात. त्यामुळे पावसाळ्यात कमलनगरकडच्या काळ्या चिखलात बाकीच्या गाड्या रुतून बसायच्या आणि मी घुरघुरत निघून जायची.

माझे मालक होते जगदेवप्पा. चालवायचे पिराजी. अप्पांचं नाव माझ्या मागच्या फाळक्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. तुरीची पोती, लग्नाची वऱ्हाडं, आजारी बैल, सगळं मी वाहिलं.

माणसांची एक सवय मी तेव्हाच पाहिली. गाडीत कोण कुठे बसणार, हे कुणी न बोलता ठरलेलं असतं. एकदा पिराजींच्या बायकोला, सुमनबाईंना, खूप ताप भरला. अप्पांनी मागताक्षणी चावी दिली. अप्पा मनाने वाईट नव्हते. जाताना एवढंच म्हणाले, "मागं गोणपाट टाक रे, म्हंजे बाईला धक्के बसणार न्हाईत." दवाखान्यापर्यंत सुमनबाई मागच्या उघड्या हौद्यात कण्हत राहिल्या. पिराजींच्या शेजारची डावी सीट रिकामीच गेली.

पुढे अप्पांकडे नवी गाडी आली आणि मी खळ्यात उभी राहिले. अप्पा कुणाला नाही म्हणत नसत, म्हणून ज्याला जे हवं ते त्याने नेलं. माझ्या इंजिनावर गुऱ्हाळ चाललं. मागचा आस दुबलगुंडीच्या एका बैलगाडीखाली गेला. हौद्याची गव्हाण झाली आणि बॉनेटखाली कोंबड्या झोपू लागल्या. चार चाकांची ओढ जोडणारा छोटा दांडा एका म्हातारीने चुलीतली राख ओढायला नेला. डावी सीट हावगेप्पाच्या चहाच्या हॉटेलापुढे बाकडं झाली. खळ्यात उरला तो नुसता सांगाडा.

पिराजी म्हातारे झाले तेव्हा तो सांगाडा मागायला गेले. अप्पा अंथरुणावर होते. म्हणाले, "ने बाबा. तुझंच हाय ते." पुढच्याच वर्षी अप्पा वारले.

मग तीन वर्षं पिराजी मला गोळा करत फिरले. कोंबड्यांना त्यांनी पत्र्याचं नवं खुराडं करून दिलं, म्हातारीला राखेसाठी लोखंडी पळी घडवून दिली. हावगेप्पासाठी लाकडी बाकडं घेऊन गेले तेव्हा सुमनबाई बरोबर होत्या. पिराजी आणि हावगेप्पाचं बोलणं होईपर्यंत त्या माझ्या सीटवर बसल्या आणि अर्धा कप चहा प्यायल्या.

"घट्ट हाय की वो अजून," सीट चाचपत त्या म्हणाल्या.

"आता गाडीत बसूनच बघ," पिराजी म्हणाले.

मी उभी राहिले. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा पिराजी कितीतरी वेळ बॉनेटवर हात ठेवून होते. शेवटी रंग राहिला. ते ब्रश घेऊन फाळक्यासमोर बसले आणि 'जगदेवप्पा' लिहू लागले.

"अवो, आता तरी आपलं नाव लिवा की," सुमनबाई म्हणाल्या.

"कामून? गाडी जशी व्हती तशीच दिसाय पायजे."

"अन् तुमी कोण हिचे?"

"डायवर," पिराजी हसले.

"डायवरानं बायकूला कदी पुढं बसवायचंच न्हाई का?"

"रंग सुकू दे. सोमवारी कमलनगरच्या भर बाजारातनं नेतो, पुढं बसवून."

सुमनबाईंनी ट्रंकेतली निळी साडी काढली आणि धुऊन दोरीवर वाळत घातली.

रविवारी सकाळी अप्पांचा मुलगा मृत्युंजय आला. बिदरजवळ कोळारला त्याचं मोठं गोदाम आहे. तो माझ्याभोवती दोनदा फिरला, मोबाईलवर फोटो काढले. "पिराजी, झकास केलास की रे!" पिराजी त्याच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे. मग त्याने पिशवीतून गाडीचं, अप्पांच्या नावाचं जुनं बुक काढलं. "गाडी न्यायला आलाव."

"अण्णा, अप्पांनी दिली मला. तोंडानं म्हणले व्हते."

"अप्पांनी भंगार दिलं. गाडी कुठं दिली?" त्याने फाळक्यावर बोट टेकवलं. "अन् नाव तर तूच लिवलास की."

रॉकेलच्या डब्यात ब्रश उभा होता, पिराजी त्याच्याकडे बघत राहिले. अर्ध्या गावात विखुरले होते तोवर मी कुणाचीच नव्हते. जोडली गेले आणि मला मालक निघाला.

माझे गिअर मृत्युंजयला पडेनात. म्हणून पिराजींनीच मला कोळारला पोचवायचं ठरलं. मृत्युंजय डावीकडच्या सीटवर बसला. दारात उभ्या सुमनबाईंना म्हणाला, "चला की, मागं जागा हाय. बिदर बघून याल."

"न्हाई बाबा," सुमनबाई म्हणाल्या. "मागं बसून झालंय माझं."

त्यांनी दोरीवरची साडी ओढली आणि आत गेल्या. पूर्ण वाटेत पिराजींनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. कोळारला त्यांनी मला गोदामापुढच्या चौथऱ्यावर चढवलं, काचेवरची धूळ आपल्या टॉवेलने पुसली आणि बसने परत गेले.

आता माझ्याभोवती साखळी आहे. शेजारी पाटी आहे, 'आमच्या अप्पांची गाडी, हात लावू नये'. पाहुणे माझ्यासमोर उभं राहून फोटो काढतात. बॅटरी काढून घेतली आहे, इंजिनात गंज धरतो आहे. दारं कुलूपबंद आहेत आणि आतली डावी सीट पुन्हा रिकामी आहे.

लोक म्हणतात, गाडी वाचली. मला तसं वाटत नाही. कुणी पाना घेऊन या वाटेने आलात तर माझी एक विनंती ऐका. मला परत सुटी करा. बॉनेट कोंबड्यांना द्या, दांडा त्या म्हातारीला द्या. आणि सीट हावगेप्पाच्या हॉटेलापुढे नेऊन ठेवा. सुमनबाई माझ्या त्या सीटवर बसल्या त्या तिथेच, एकदाच, अर्धा कप चहा संपेपर्यंत.