काचेची शेगडी नको

आमच्या शेगडीचा तळ ऐन सफरचंदं उतरवायच्या दिवसांत गेला. राख काढायला बसले, तर राखेबरोबर लोखंडाचा पापुद्राच हातात आला. डोंगरात, बारूक गावाच्या वरच्या अंगाला आमचं गाव. इथं थंडी उतरली की शेगडीशिवाय घर म्हणजे नुसता दगड.

तसा आमच्याकडे भिंतीत शेकोटीचा कोनाडाही आहे. माझा नवरा शिबली दगडवाला. उभा जन्म दगड कापायच्या यंत्रावर गेला त्याचा. आमच्या लेकीने, हनादीने हट्ट धरला म्हणून त्याने बैठकीत तो कोनाडा रचला, आणि रचला असा की शेजारची गावं बघायला आली. पण आग पेटवली की ऊब सगळी धुरांड्यातून आभाळाला! शेवटी कोनाड्यापुढे, खोलीत चांगली ओढून, लोखंडी शेगडी मांडली आणि तिचा पाइप धुरांड्यात सोडला. तेव्हापासून आमचा हिवाळा त्या शेगडीभोवती जातो. वर किटली, निखाऱ्यात बटाटे, भोवती गुडघ्याला गुडघा लावून शेजारीपाजारी, आणि मत्त्याची, म्हणजे कडू पाल्याच्या चहाची भोपळी हातोहात फिरतेय. ओतणारी मी. एकाचं पिऊन झालं की भोपळीतली नळी लिंबाच्या सालीने पुसायची आणि पुढच्याला द्यायची.

तर आता नवी शेगडी आणायची होती. हनादी कॅनडात असते आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकते. तिने फोनवर चित्रं पाठवली. बरोब्बर कोनाड्यात बसणारी, काचेच्या दाराची, भिंतीबरोबर सपाट. आत ज्वाळा नाचताहेत, बाहेर राखेचा कण नाही. लाकूड निम्मंच लागतं म्हणे. खरं सांगते, मला ती बघताक्षणी आवडली. लाकडं कोण वाहतं या घरात? मी. शिबलीची कंबर दोन वर्षांपूर्वीच रजेवर गेलीय.

"नको," शिबली म्हणाला.

"का नको?"

"काच कोण पुसणार?"

"मी पुसेन."

"किटली कुठे ठेवणार?"

"गॅसवर. गॅस काय शोभेला आहे?"

"बटाटे?"

"अरे, बटाट्यांसाठी का मी जन्मभर लाकडं वाहू?"

त्यावर तो उठून बाहेर गेला. असा आडमुठा माणूस उभ्या चूफ मुलुखात सापडायचा नाही. आणि अलीकडे तर फारच वाढलं होतं त्याचं. मी स्वयंपाकघरातून हाक मारावी, हा ढिम्म. गाडीत शेजारी बसून मी अख्ख्या गावाच्या बातम्या सांगाव्यात, हा समोर रस्त्याकडे बघतोय. फोन वाजला की, "तू घे." पालथ्या घड्यावर पाणी! पण संध्याकाळी शेगडीभोवती माणसं जमली की हाच शिबली असा काही खुलायचा की बघत राहावं. शेजारच्या अबू अजवदची तर तो रोज फिरकी घ्यायचा. मनात यायचं, जगासाठी याच्याकडे गोष्टी आहेत, बायकोसाठी दोन शब्द नाहीत. फार लागायचं ते मला. बोलून दाखवत नव्हते, एवढंच.

शेवटी बाक्लीन गावात सामिहच्या शेगड्यांच्या दुकानात गेलो. सामिह पोरसवदा, पण बोलायला मध. त्याने काचेची शेगडी दुकानातच भिंतीत बसवून पेटवून ठेवली होती आणि पुढे खुर्च्यांची रांग मांडली होती, सिनेमाला बसावं तशी.

"बसा मावशी, बसा काका. आधी ऊब घ्या, मग बोला."

आम्ही रांगेत बसलो. एका टोकाला सामिह, मध्ये मी, पलीकडे शिबली. काय सुंदर आग होती ती! मी मनात कोनाडासुद्धा सजवून टाकला.

"काका, बैठक केवढी आहे तुमची?" सामिहने विचारलं.

शिबली आगीकडे बघून हसला.

"काका, छत उंच आहे का?"

शिबलीने मान डोलावली. आमचं छत हात वर केला तर लागतं. सामिह माझ्याकडे बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, मुद्दाम करतोय. शेगडी नको ना, मग पोराचा अपमान करतोय. मी तिरीमिरीत उठले आणि दुकानाच्या मधोमध काही काळ्या लोखंडी शेगड्या उभ्या होत्या तिकडे गेले. शिबलीही मागोमाग आला आणि एका शेगडीच्या पलीकडे उभा राहिला. आमच्या जुनीसारखीच होती ती, फक्त पोट मोठं.

तेवढ्यात वीज गेली आणि दुकानामागचा जनरेटर सुरू झाला. त्याने असा काही हंबरडा फोडला की पत्रे थरथरले. सामिह काहीतरी ओरडून सांगत होता, मला त्यातला शब्दही कळेना. मी शिबलीकडे बघितलं आणि मनातली मळमळ तोंडातल्या तोंडात बाहेर पडली. माझी मलाच ऐकू आली नाही.

"गाढवा, निदान कारण तरी सांग."

"चारचौघांत गाढव म्हणू नकोस," शिबली ओरडून म्हणाला.

मी बघतच राहिले. तो खाली वाकून शेगडीचं दार उघडून बघायला लागला होता. मी थांबले. त्याने मान वर केल्यावर मी नुसते ओठ हलवले, आवाज अजिबात काढला नाही.

"हीच घ्यायची का मग?"

"सकाळपासून दुसरं काय सांगतोय!"

मी शेगडीच्या कडेला हात टेकला आणि तशीच उभी राहिले. एकेक गोष्ट समोर यायला लागली. हाका तो फक्त पाठमोरा असताना ऐकत नसे. गाडीत माझं तोंड त्याला दिसत नाही. हनादीशी बोलायचं तर चित्राचा फोन हवा, साधा नको. आणि रात्री हा दिवा मालवू देत नाही. मी म्हणायची, लहान आहेस का रे, अंधाराला भितोस? कधी दिवा मालवलाच, तर मी काही बोलावं आणि याने उत्तरच देऊ नये. मी समजायची, घोरायला लागला. त्या दगडाच्या यंत्राने त्याचे कान कधीच खाल्ले होते, आणि त्या लबाडाने ताकास तूर लागू दिली नव्हती. अबू अजवदने कानात यंत्र बसवलं तेव्हा सगळ्या गावात याने त्याची टर उडवली होती. आता कुठल्या तोंडाने स्वतः बसवणार?

शेगडीभोवती मात्र सगळे समोरासमोर असतात. तिथं प्रत्येकाचं तोंड त्याला दिसतं. तिथं तो बहिरा नसतो. आणि मी त्याला भिंतीकडे तोंड करून रांगेत बसवायला निघाले होते.

जनरेटर जरा शांत झाल्यावर सामिह आला.

"मग मावशी, काचेची बांधू ना?"

"नाही. ही काळी."

"मावशी, दुप्पट लाकूड खाईल ही!"

"खाऊ दे. खाणारं कुणीतरी पाहिजेच घरात. पोरं तर गेली परदेशी."

शिबलीने माझ्याकडे संशयाने बघितलं. "तुला तर काच हवी होती."

मी त्याच्याकडे नीट तोंड करून सांगितलं, "मला किटली हवी."

रात्री हनादी फोनवर रुसली. "बाबांनीच ऐकलं नसणार! आई, तू त्यांचं सगळं चालवून घेतेस."

"त्यांचा काही संबंध नाही," मी म्हटलं. "मलाच हवी होती. गॅसवर मत्त्याचं पाणी करून मी काय हॉटेल काढू?"

शिबली माझ्या खांद्यावरून फोनच्या पडद्याकडे बघत होता. माझं तोंड त्याला दिसत नव्हतं. लेकीचा चेहरा तेवढा त्याने वाचला आणि मान खाली घातली.

शेगडी आली. बसवणाऱ्याने ती कोनाड्यात ढकलायला घेतली, तशी मी त्याला आणखी पुढे ओढायला लावली. संध्याकाळी पहिला जाळ केला. नव्या लोखंडाचा वास घरभर सुटला, तरी शेजारी आलेच. अबू अजवद, त्याची बायको उम्म अजवद, वरच्या आळीतले दोघं. नव्या शेगडीच्या पोटाला शुभेच्छा देऊन झाल्या, किटली वर चढली.

मी इतकी वर्षं शिबलीच्या शेजारी बसत आले. त्या दिवशी मी माझी खुर्ची उचलली आणि त्याच्या बरोब्बर समोर मांडली.

"तिथं कशाला बसतेस?" शिबली म्हणाला. "पाइपची धग लागेल."

"लागू दे."

उम्म अजवद खवचटच. "काय गं अफीफे, भांडलात की काय?"

"आत्ता कुठे भांडण मिटतंय," मी म्हटलं, आणि मत्ते ओतायला घेतलं.

भोपळी फिरली. अबू अजवद बर्फाच्या गोष्टी सांगायला लागला, उम्म अजवद मधेच त्याला दुरुस्त करत होती, वरच्या आळीतले दोघं हसत होते. शिबली एकेका तोंडाकडे बघत होता आणि सगळ्यांच्या आधी हसत होता. मग त्याची नजर माझ्यावर आली. मी आवाज न काढता ओठ हलवले.

"मला कळलंय."

त्याचं हसू तिथंच थांबलं. भोपळी त्याच्या हातात होती, ती त्याने गुडघ्यावर टेकवली. मग त्यानेही नुसते ओठ हलवले. इतक्या वर्षांत मी हा चेहरा कधी वाचला नव्हता, पण त्या दिवशी मला एक अक्षर चुकलं नाही.

"कधीपासून?"

"दुकानापासून. का नाही सांगितलंस रे?"

त्याने खांदे उडवले. शेजारी अबू अजवदची गोष्ट रंगात आली होती, कुणाचंच आमच्याकडे लक्ष नव्हतं.

"बाकीच्यांचं काही नाही," शिबलीचे ओठ म्हणाले. "तुझा आवाज तेवढा जायला नको होता."

माझे डोळे भरून आले. धगीचं निमित्त करून मी ते पुसले आणि त्याला बघता यावं म्हणून तोंड तसंच समोर ठेवलं.

"जन्मभर ओरडलेय तुझ्यावर. तेवढं पुरणार नाही का?"

"नाही पुरणार," शिबली म्हणाला. पण हे तो मोठ्याने म्हणाला, आणि सगळी बैठक गप्प होऊन आमच्याकडे बघायला लागली.