इंजनाच्या अंगात आलं

देवरावच्या विहिरीवर त्या दिवशी एवढी गर्दी होती, की आर्णीचा बाजार उठून इकडे आला की काय असं वाटावं. लेकरं कडेवर घेतलेल्या बाया शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माणसं बाभळीखाली, आणि मधोमध काळं, तेलकट, जुनं पाण्याचं इंजन. त्याला झेंडूची माळ घातलेली. इंजनाला कपाळ नसतं, म्हणून तेलाच्या टाकीच्या झाकणावरच बोटभर जाड शेंदूर थापलेला.

इंजन बंद पडलं होतं. लोक ज्याला इंजनबाबा म्हणत, त्या बाबानं टाकीला कान लावला, डोळे पांढरे केले आणि झाकण उघडलं. आतून 'सुस्स' असा आवाज आला.

"ऐका! माय श्वास घेऊन राह्यली!" बाबा ओरडला. मग टाकीत फुंकर मारून म्हणाला, "हुं फट्, चुं चट्, उठ माये झटपट!" झाकण लावलं, त्यावर शेंदराचा नवा लपका दिला आणि देवरावला हुकूम सोडला, "मार हँडल!"

देवरावनं हँडल मारलं. फट्... फट्... फटफटफट! दांडात पाणी धावलं. लोकांनी हात जोडले. एका म्हातारीनं तर इंजनाची ओटी भरली, आणि खोबरं कुठं ठेवावं ते न कळून इंजनाच्या फिरत्या पट्ट्याजवळ ठेवलं. पट्ट्यानं ते उडवून भगवानराव सरपंचांच्या पगडीवर टाकलं. तोही प्रसादच झाला.

देवरावची आई तुळसाबाई कमरेवर हात ठेवून हे सगळं पाहत होती.

"देवी हुशार दिसते," ती म्हणाली. "तासाच्या वर काम करत नाही. मी देवी असती तर मीही तेच केलं असतं."

"माय, गप राह्य ना वं!" देवराव कुजबुजला.

गप राहण्याची सवय तुळसाबाईला नव्हती. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली होती, पण तोंड मॅट्रिकच्या पुढचं होतं.

हे इंजन देवरावनं पाच घरांच्या भागीत यवतमाळच्या कापूस पिंजणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनातून आणलं होतं. त्याची निगा ठेवायची सत्यभामा, देवरावची बायको. तिचा बाप जिनात मशिनींना तेल द्यायचा, त्यामुळे पाना तिच्या हातात लहानपणापासून. ती जाळी धुवायची, नट आवळायची, फडक्यानं इंजन लखलखीत पुसायची. सासूला ते आवडत नव्हतं. "तुह्या भाकरीले इंजनाचा वास येते," असं ती रोज ऐकवायची आणि तीच भाकर पोटभर खायची.

दसऱ्याला देवरावनं अवजारांसोबत इंजनाचीही पूजा केली. शेंदूर तेलात कालवून झाकणावर थापला आणि सांगितलं, "देवीचा टिळा हाये, दिवाळीपर्यंत कोणी पुसायचा नाही." दुसऱ्या दिवसापासून इंजन तासाभरानं बंद पडायला लागलं. आठवड्यात हा बाबा कुठूनसा उगवला, आणि तेव्हापासून देवरावच्याच ओसरीवर दोन्ही वेळा तुपात बुडालेल्या पोळ्या खात होता. देवी इंजनात आणि नैवेद्य बाबाच्या पोटात, अशी वाटणी होती.

पण आज बाबानं नवीनच काढलं. अंगात आल्यासारखा घुमत तो म्हणाला, "देवी बोलून राह्यली! बाईचा हात लागला इंजनाले! पाना धरणारी बाई घरात हाये, तोवर देवी रुसलेली! तिले माहेरी धाडा. कायमची!"

देवरावनं मान खाली घातली.

भगवानराव खाकरले. "माह्यासकट पाच घरच्या मिरच्या वाळून राह्यल्या, देवराव. उद्याच्या मोटारीनं धाडून दे तिले."

तांड्यावरच्या रुपीबाईची मिरचीही याच पाण्यावर होती. तुळसाबाईला ती आपल्या बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणायची. ती म्हणाली, "याडी, सून गेली तर इंजन कोण पाह्यल? हा पोळ्या खाणारा?"

तुळसाबाईच्या डोक्याची शीर तडकली. सुनेशी भांडण होतं, सहा वर्षांचं, मिठापासून लुगड्याच्या निऱ्यांपर्यंत. पण ते तिचं घरचं भांडण होतं. त्यात या फुकट्याला कोणी बोलावलं होतं?

सांजेला सत्यभामा डोळे पुसत गाठोडं बांधत होती. तुळसाबाईनं दिव्यासाठी घासलेटाचा नवा डबा काढला, खिळ्यानं भोक पाडलं आणि डबा वाकवला. तेल डचक डचक करत थोडं आलं आणि थांबलं. तिनं सवयीनं दुसऱ्या कोपऱ्यात भोक पाडलं. तेलाची धार लागली.

तिचा हात तिथंच थांबला.

"सत्यभामे, इंजनाच्या झाकणाले भोक असते का वं?"

"असते, आत्याबाई. बारीक. वारा आत जायले."

"आन आता त्याच्यावर काय हाये?"

सत्यभामेच्या हातातलं लुगडं गळून पडलं. "शेंदूर! अन् मी म्हणत होती का नळी चोंदली असंल. पाहू म्हटलं, तर दसऱ्यापासून कोणी जवळ येऊ देत नाही मले."

"रडणं बंद कर. उद्या काम हाये."

सकाळी पुन्हा तीच गर्दी. तासाभरानं इंजन बंद पडलं. बाबा झाकणाकडे सरकला तशी तुळसाबाई आडवी आली.

"बाबा, आज झाकण न उघडता मंत्र मारा. देवी तर भिंतीतून येते म्हणता. तिले एवढंसं झाकण आडवं येते काय?"

लोक हसले. बाबा चाचरला, "थे... थे देवीचं मुख हाये."

"मारा बाबा, दाखवून द्या हिले एकदा," भगवानराव म्हणाले.

बाबानं फुंकरीवर फुंकरी मारल्या. देवरावनं हँडल फिरवून फिरवून खांदा उतरवून घेतला. इंजनानं एक उचकी दिली आणि परत मेलं.

"आता माहा मंत्र ऐका," तुळसाबाई म्हणाली. "सत्यभामे, उघड झाकण!"

सुस्स! तुळसाबाईनं हात वर करून आवाज लावला, "हळद, मिरची, जिरं, मोहरी, बाबाले वाढा एकच भाकरी! लाव झाकण!" सत्यभामेनं स्वतःच हँडल मारलं. फटफटफट!

गर्दी पुढं सरकली. तुळसाबाईनं घासलेटाचा डबा मागवला, एक भोक बोटानं दाबलं आणि डबा वाकवला. थोडं डचकून तेल थांबलं. बोट काढलं, धार लागली.

"पाह्यलं? वारा आत गेला नाही तर तेल बाहेर येत नाही. इंजनाले तेल भेटलं नाही तर थे चालत नाही. झाकण उघडलं का वारा जाते, लावलं का कोंडते. देवरावनं भक्तीनं भोक बुजवलं, आन ह्या बाबानं रोज नवा लपका मारून बुजतं ठेवलं. सत्यभामा फडक्यानं शेंदूर पुसून टाकील, म्हणून तिलेच घराबाहेर काढून राह्यला होता!"

बाबा धुऱ्याकडे निघाला होता. रुपीबाईनं त्याचं धोतर धरलं. "बोल, कुठं शिकला हे?"

"मालट्रकवर... क्लीनर होतो," बाबा म्हणाला. धोतर सुटायच्या बेतात होतं, त्यामुळे खरं लवकर सुटलं.

सत्यभामेनं शेंदूर खरवडला आणि बाभळीच्या काट्यानं भोक मोकळं केलं. तास गेला, दुसरा गेला. इंजन थांबलं ते सांजेला, टाकीतलं तेल संपल्यावर.

भगवानराव पगडी सावरत म्हणाले, "चुकलो बाई आम्ही. मोटार हिच्याबिगर गेली ते बरं झालं."

"मोटार उद्याही येते. देवरावले पाठवू काय?" तुळसाबाईनं विचारलं. देवराव लोकांच्या मागं दडला.

मग ती सगळ्यांना म्हणाली, "इंजन लोखंडाचं हाये. त्याले राग येत नाही, बाटत नाही. बंद पडलं तर काहून पडलं ते पाहा. नळी पाहा, जाळी पाहा, भोक पाहा. आन कोणी म्हणलं का इथं हात लावू नका, तर पह्यले तिथंच हात लावा. दडवलेलं तिथंच असते."

दुसऱ्या सकाळी पाच घरचे पाच कर्ते पुरुष विहिरीवर रांगेत उकिडवे बसले होते, कोपरापर्यंत काळे हात घेऊन. सत्यभामा जाळी धुवायला शिकवत होती.

"तसं नाही, भाऊजी," ती सरपंचांना म्हणाली. "पुन्हा धुवा."