शिक्क्यावरची वेळ

त्या शनिवारी दुपारी कूनाबराब्रन गावच्या समाजगृहात खुर्च्या कमी पडल्या. दाराशी उभी राहून मी डोकी मोजली: एकशे बेचाळीस. वेधशाळेत सतरा वर्षं मी क्ष-किरण ओकणाऱ्या दीर्घिकांची केंद्रं पाहते, त्यांवर इथेच व्याख्यानं देते. माझी विक्रमी गर्दी अकरा. त्यातले दोघे पावसाच्या आडोशाला आलेले. माझी सख्खी बहीण मर्ल एकदाही आली नाही. चमत्काराने हृदयं बरी करतो म्हणणाऱ्या लेस्टर क्विलसाठी मात्र लॅमिंग्टन केक घेऊन पहिल्या रांगेत!

"दीर्घिकेच्या पोटातलं काळं विवर माझं ऐकतं, मंडळी! मी जागं केलं की भडकतं. तीच शक्ती तुमच्या हृदयात सोडतो. गोळ्या? कोंबड्यांना टाका!" लेस्टर मंचावरून गरजला.

त्याच्याच सांगण्यावरून मर्लने तीन दिवसांपासून हृदयाच्या गोळ्या सोडल्या होत्या.

लेस्टरने बंद पाकीट फोडलं. आत चिठ्ठी: 'गुरुवारी विवर भडकेल.' पाकिटावर आमच्याच वेधशाळेच्या चौकशी-खिडकीचा शिक्का: गुरुवार, ०४:१०. उपग्रहाने भडका टिपला तो इथल्या वेळेने गुरुवारी दुपारी बाराला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी जळफळत पुढे गेले आणि पाकीट मागून घेतलं.

"शिक्का कधी मारून घेतलास, लेस्टर?"

"लिहिलंय की, बाईसाहेब. पहाटे चार-दहाला."

"खिडकी उघडते दहाला. पहाटे कोणी उघडली, कांगारूने?"

लोक हसले.

"आमची घड्याळं जागतिक वेळेवर चालतात, शिक्क्याचंसुद्धा. इथल्यापेक्षा दहा तास मागे. शिक्क्यावर तसं लिहीत नाही, ही चूक आमची. दहा मिळवा."

"दुपारचे दोन-दहा," बेकरीवाला बर्ट पुटपुटला.

"म्हणजे भडक्यानंतर दोन तासांनी! उपग्रहाची बातमी साडेबारालाच जगजाहीर होती. याने वाचली नि पाकिटात घातली. आणि तो उजेड विवराजवळून निघाला चार कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा याने कोणाला जागं केलं?"

मर्ल उसळली. "तू जळतेस, ग्वेन! लहानपणापासून अशीच."

"जळते. म्हणूनच पाकीट निरखून पाहिलं. माझं ऐकूच नकोस. गाडीत बस, स्वतः शिक्का मारून बघ."

खिडकीवर मर्लने कोरं पाकीट पुढे केलं. शिक्का उमटला: ०५:२५. तिच्या मनगटी घड्याळात तीन-पंचवीस. बराच वेळ ती दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिली. मग पर्स उघडून गोळ्यांची डबी काढली.

"पाणी आहे का तुझ्याकडे?"

परतलो तेव्हा लेस्टरभोवती तीस जण होतेच. माझ्या विक्रमापेक्षा एकोणीस जास्त!

तेव्हा मंडळी, माझं मागणं एवढंच: चमत्कारापुढे हात जोडण्याआधी त्याचं घड्याळ तपासा. मी जळते, म्हणून माझंही तपासा. घड्याळ मात्र कोणावर जळत नाही.