अव्रणानंदांची गाडी

कट्ट्याच्या बसथांब्यामागचा माळ माणसांनी फुलला होता. मालवणाकडून येणारी गाडी थांब्यावर रिकामी होई आणि उतरलेली माणसं घराकडे न जाता सरळ मांडवाकडे वळत. मांडवात एखादी मूर्ती असेल असं नवख्याला वाटलं असतं. पण झेंडूच्या माळा घालून, दोन्ही बाजूंना समया लावून तिथे उभी होती एक काळीकुळकुळीत, मोठी चारचाकी गाडी. तिच्या शेजारच्या उंच खुर्चीत अव्रणानंद महाराज बसले होते. घाटावरून आलेले, भगव्या कफनीतले, आवाज खर्जातला.

“या, कुणीही या,” महाराज म्हणत. “ही घासायची कुंची घ्या आणि माझ्या रथाला जखम करा. घाबरू नका. जखम करणारा हात तुमचा, भरणारा हात वरचा.”

कुंची बारीक पितळी तारांची होती. एक भक्त पुढे झाला, त्याने बॉनेटवर ती खसाखसा घासली. चकचकीत काळ्या रंगावर ओरखड्यांचं जाळं उमटलं. मोबाइल वर झाले. महाराजांनी तांब्याच्या कळशीतलं तीर्थ त्यावर ओतलं. कापूर, तुळस आणि वाफ यांचा ढग उठला. तो विरला तेव्हा ओरखडे फिके झाले होते आणि बघता बघता पुरते नाहीसे झाले. बॉनेट आरशासारखं लखलखीत.

“लोखंडाची जखम भरते, मग मांसाची का भरू नये?” महाराजांनी गर्दीवरून नजर फिरवली. “देह म्हणजे तरी काय? आत्म्याचं वाहन. पण एक पथ्य. औषधाचा विटाळ झालेल्या देहात माझं तीर्थ उतरत नाही. गोळी तरी घ्या, नाहीतर कृपा तरी.”

गर्दीच्या कडेला इशिता उभी होती. ती तिथल्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. हसून घरी जायचं ठरवून ती आली होती, पण तिला हसता आलं नाही. ओरखडे खरोखर गेले होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाकारणं तिच्या शास्त्रात बसत नव्हतं. ते गेले कशाने, एवढंच तिला कळत नव्हतं. आणि ते कळायलाच हवं होतं, कारण पहिल्या रांगेत, पाय लांब करून, तिचे वडील बसले होते.

गंगाराम, म्हणजे सगळ्यांचे भाई, एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर खाडीत कालवं काढायला जायचा त्यांना नाद लागला. तिथेच शिंपल्याने पाय कापला. अंगात साखर, त्यामुळे जखम भरेना. शेजारची मुनिरा डॉक्टर. इशिताची लहानपणापासूनची मैत्रीण. तिच्या दवाखान्यात रोज पट्टी होत होती, इंजेक्शन चालू होतं आणि जखम हळूहळू का होईना, सुकायला लागली होती. तेवढ्यात माळावर मांडव पडला. भाईंनी इंजेक्शन बंद केलं, पट्टी सोडली आणि पायावर तीर्थ ओतून घ्यायला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी मुनिरा घरी आली. तिने भाईंचा पाय हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

“भाई, दोन बोटां काळी पडली हत. पायाक वास येता. आज चला माझ्यावांगडा, हास्पिटलात जावया.”

“पण माका दुखणा काय नाय आता,” भाई समाधानाने म्हणाले. “आधी ठणकायचो. महाराजांनी दुखणा काढून घेतल्यानी.”

“दुखाचा थांबला म्हणानच माका भीती वाटता. दुखणा गेला नाय, कळायचा गेला. साखरेन पायातलो जीव मारल्यान.”

“गाडीची जखम भरता, मगे माझी कित्या भरूची नाय? तुम्ही दोगी शिकान हुशार झालास, पण ओरखडो गेलो तो खंय गेलो, ता सांगा आधी.”

मुनिराने बाहेर येऊन इशिताचा दंड धरला. “उत्तर शोध गो. तुझो बापूस माझा ऐकूचो नाय. आणि पाय काय थांबान रवाचो नाय.”

दुसऱ्या दिवशी इशिता पुन्हा मांडवात गेली. या वेळी तिने गाडीकडे न बघता बाकी सगळ्याकडे बघायचं ठरवलं होतं. मसुरे गावच्या एका माणसाने बॉनेट घासलं, महाराजांनी कळशी रिकामी केली. ओरखडे मात्र होते तसेच राहिले. महाराजांनी पुन्हा तीर्थ मागवलं. पडद्यामागून सेवक आला आणि त्यांच्या कानाशी लागला. मागे गॅसचं सिलिंडर संपलं होतं, हे पडद्याजवळ उभ्या असलेल्या इशिताला ऐकू आलं.

महाराज क्षणभरही गडबडले नाहीत. “या मांडवात कुणीतरी औषध घेऊन आलंय,” ते थंडपणे म्हणाले. “रथाला ते सहन होत नाही.”

माणसं एकमेकांकडे संशयाने बघू लागली. मग काशीबाई नावाची एक म्हातारी रडवेली होऊन उठली. तिने कनवटीची गोळ्यांची पाकीटं काढून मातीत टाकली. एका माणसाने खिशातली बाटली फेकली. हे चालू असताना मागे नवं सिलिंडर आलं. वाफाळती कळशी पुन्हा बाहेर आली, बॉनेटवर रिकामी झाली आणि ओरखडे गेले. माळ जयघोषाने दुमदुमला.

गोळ्या मातीत पडल्या आणि चमत्कार झाला, एवढंच गर्दीने पाहिलं होतं. पाणी गार होतं तेव्हा काही झालं नाही आणि तापल्यावर झालं, हेही त्याच वेळी घडलं होतं. ते इशिताने पाहिलं.

मग वाट सोपी होती. मोटारींच्या रंगांबद्दल तिने मिळेल ते वाचलं, कुडाळात गाड्या सजवणाऱ्या दुकानात फोन केला. दुकानदाराला त्यात काहीच नवल वाटलं नाही. महागड्या गाड्यांवर असा पारदर्शक थर चढवून मिळतो, तो म्हणाला. ओरखडा वरवरचा असेल तर त्या थरातलं काही खरवडून जात नाही, थर नुसता दबतो. त्यातले डोळ्यांना न दिसणारे धागे रबरासारखे ओढलेले असतात. ऊन किंवा गरम पाणी लागलं की सैल होऊन जागेवर येतात. मात्र थर फाटून खालचा रंग गेला तर काही होत नाही. इशिताने त्याच्याकडून त्या थराचा उरलेला तुकडा आणला, डब्याच्या झाकणावर चिकटवला, तारेच्या घासणीने घासला आणि भाईंसमोर त्यावर चहाचं आधण ओतलं. ओरखडे गेले.

भाईंनी झाकण उलटसुलट करून पाहिलं.

“महाराजांची कृपा तुझ्या डब्यार पण झाली,” ते म्हणाले, “आणि तुका अजून इश्वास नाय.”

आता मांडवाशिवाय इलाज नव्हता. भाईंना तीर्थ घ्यायला घेऊन जायचं निमित्त करून ती सकाळीच निघाली. पिशवीत थर्मास होता, सोबत मुनिरा होती. कुंची पुढे आली तशी इशिताने ती घेतली आणि बॉनेट मन लावून घासलं. महाराजांनी कळशी उचलली.

“तीर्थ नको,” इशिता म्हणाली. “हे आमच्या विहिरीचं पाणी आहे, नुसतं तापवलेलं. मंत्र नाही, कापूर नाही.” आणि सेवक पुढे येण्याआधीच तिने थर्मास ओतला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओरखडे नाहीसे झाले.

गर्दीत चुळबुळ झाली. पण महाराज हसले.

“पाहिलंत? रथाच्या सान्निध्यात विहिरीचं पाणीसुद्धा तीर्थ होतं. पोरीला देवाने दाखवलं, तरी दिसत नाही.”

जयघोष पुन्हा उसळला. काशीबाई तिच्या अंगावर धावून आली. “बापाशीचो पाय बरो होता, तो तुका बघवत नाय काय गो?” कुणीतरी थर्मास लाथेने उडवला. पण इशिता गाडीला टेकून उभी राहिली, हलली नाही.

तेव्हा भाई उठले. लंगडत पुढे आले. लेकीचा राग त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. महाराजांपुढे त्यांनी हात जोडले.

“महाराज, हिका एकदाच दाखवा. पुना कधी तोंड उघडूची नाय. बॉनेटार नको, ही म्हणात थंय काय लायला आसा. हंय दरवाजार मी माझ्या हातान रेग ओढतंय. रथ सगळो तुमचोच मां?”

त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली. तिचं टोक दरवाजाला लागणार तोच खुर्ची मागे कोसळली. महाराजांनी झेप घेऊन भाईंचं मनगट घट्ट पकडलं होतं.

“अरे, वेडा झालास का? रंग जाईल.”

भाईंनी आधी पकडलेल्या मनगटाकडे पाहिलं, मग महाराजांच्या तोंडाकडे. आपल्या गाडीला दुसऱ्याची गाडी घासून जाते तेव्हा मालकाचा चेहरा कसा होतो, हे त्यांनी नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं. तोच चेहरा त्यांच्यासमोर होता.

“भरान येता मां?” भाई अगदी हळू म्हणाले. “मगे हात कित्या धरलंस?”

भाईंनी मनगट सोडवलं आणि किल्लीने दरवाजावर खोल रेघ ओढली. आतला पत्रा दिसला. मग कळशी उचलून वाफाळतं तीर्थ त्यांनी स्वतः रेघेवर ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. सगळे वाट बघत राहिले. रेघ होती तशीच होती.

“ऐका,” इशिता म्हणाली. “बॉनेटवर माणसाने बनवलेला एक थर आहे. उष्णतेने तो पूर्ववत होतो. ज्यांनी तो शोधला त्यांनी डोकं चालवलं, चुका केल्या, पुन्हा करून पाहिलं. कौतुक करायचं तर त्यांचं करा. खोल रेघ त्यालाही भरता येत नाही, आणि तुमच्या-माझ्या अंगावर तर तो थरच नाही. आपली जखम रक्ताने भरते. त्या रक्तातली साखर औषधाने ताब्यात राहते. यांना हे ठाऊक होतं. तरी यांनी तुमच्या गोळ्या मातीत टाकायला लावल्या.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही माणसं मान खाली घालून निघून गेली, काही तिलाच शिव्या देत गेली. मुनिराने पोलिसांत तक्रार दिली, पण तोवर गाडी आंबोली घाट चढून गेली होती. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे, तक्रारीचा पाठपुरावा आपण करणार, असं इशिताने ठाण्यात ठणकावून सांगितलं. आणि ती तो करत राहिली.

भाईंना त्याच दुपारी हॉस्पिटलात नेलं. पाय वाचला, दोन बोटं गेली. आठवडाभर लवकर आला असतात तर तीही राहिली असती, असं सर्जन म्हणाले. भाई ते ऐकून भिंतीकडे वळले. मग म्हणाले, “गो इशिता, तू माका ओढीत कित्या नाय नेलंस?”

“ओढून नेलं असतं तर तुम्ही परत मांडवात गेला असता,” ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. ते खरं होतं.

भाई घरी आल्यावर एका सकाळी काशीबाई दारात येऊन उभी राहिली. इशिताने बसायला सांगितलं, ती बसली नाही.

“माझो राग आसा तुझ्यार,” ती म्हणाली. “चार माणसांत आमका येडा ठरवलंस. पण माझ्या डोळ्यांसमोर काळोख येता, गोळये बंद केल्यापासून. त्या मुनिरा डॉक्टरणीकडे माका व्हरशीत?”

“चला,” इशिता म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या.

रस्त्यात काशीबाई तिच्याशी एक अक्षरही बोलली नाही. इशिताला त्याचं काही वाटलं नाही. राग असो, रुसवा असो, म्हातारी दवाखान्याकडे चालत होती, हे पुरे होतं. तुमच्याकडेही कधी असा मांडव पडेल. कळशी वाफाळेल, डोळे दिपतील. त्या वेळी देव मानू नका असं कुणी म्हणत नाही. फक्त कुंची आपल्या घरची न्या, जागा आपण निवडा, आणि कुणी हात धरला तर का धरला ते विचारा. तोवर औषधाची गोळी मात्र चुकवू नका.