पूर्वीसारखे

“लोखंड म्हणजे किती, ताई?” प्रेमलानं विचारलं.

मी फॉर्मवरून मान वर केली. एमआरआयच्या खोलीत नवऱ्याचा पाय धरून बसायचं तर तिच्याही अंगात धातू आहे का, हे विचारणं भागच होतं. त्या चुंबकाला पेशंट काय आणि नातेवाईक काय, सगळे सारखेच.

तिनं बाही वर केली. हातात धातूची पट्टी, नवऱ्यानं गोणीच्या हुकानं मारलं तेव्हाची. खांद्यात दोन स्क्रू, घणसोलीच्या चाळीत जिन्यावरून ढकललं तेव्हाचे. जबड्याची तार मागेच काढली म्हणाली. पट्टीचे, स्क्रूचे कागद मागितले, तर ते नव्हते. प्रत्येक वेळी दवाखान्यात तिनं न्हाणीत पडले असं सांगितलं होतं.

मला असा संताप आला, की त्या माणसाला सुई जरा दुखेल अशीच टोचावी असं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण वाशीच्या मार्केटात पंचवीस वर्षं कांद्याच्या गोण्या उचललेला हा आडदांड ज्ञानू मांडीवर हात ठेवून गप्प बसला होता. बायको दिसेनाशी झाली की तेवढा कावराबावरा व्हायचा.

कागदांशिवाय तिला आत सोडता येईना. शेवटी माइकवरून तिचा आवाज आत सोडला, तेव्हा कुठे तो आडवा झाला.

शिरेतून औषध गेलं आणि पडद्यावरच्या रंगीत नकाशात कपाळामागची गाठ लालभडक उमटली. प्रेमला काचेशी उभी होती. लाल म्हणजे रक्त, मी सांगितलं. गाठीनं स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेतल्या आहेत, त्या कुठून येतात ते आम्ही बघतोय.

“गेल्या शिमग्याला पोरीचं डोकं भिंतीवर आपटलं, ते शेवटचं,” ती म्हणाली. “तवापास्नं हात न्हाय उचलला. जेवलीस का म्हून इचारतो. बावीस वर्सांत कवा इचारलं नव्हतं.”

दुपारी डॉक्टर केयूर खुशीत होते. रक्तपुरवठा भरपूर, पण गाठ साधी होती. आधी त्या वाहिन्या बंद करायच्या, मग गाठ सगळीच निघेल. माणूस असा मंद झालाय तोही गाठीच्या दाबानं, असं त्यांनी तिला समजावलं.

“काळजी सोडा, मावशी. पूर्वीसारखे होतील.”

प्रेमलाचा चेहरा पांढराफटक पडला. काचेआडून बोलून त्याला निजवणारी बाई ती हीच का, असं मला वाटलं.

“थोडी ठिवता न्हाय का येनार?” तिनं विचारलं.

डॉक्टर हसले. ठेवली तर आधी नजर जाईल, मग जीव, असं सांगून ते पुढच्या पेशंटकडे गेले. मला हसू आलं नाही. रागही कोणावर काढावा कळेना.

संमतीचा कागद तिनं बराच वेळ मांडीवर धरला. मग सही केली.

“आपरेशन फुडच्या हप्त्यात घ्या, ताई. पोरीला आदी कोरेगावला भावाकडं सोडून येते.”

“आणि तुम्ही?”

“मी कुटं जानार? टाकं काढायला त्यास्नी कोन आननार?”

ती बाहेर गेली. ज्ञानूनं सरकून बाकावर तिच्यासाठी जागा केली. ती त्याच्यापासून हातभर लांब बसली.