पाकिटातलं वाक्य

फ्लोरेन्सने मांडीवरचं स्टॉपवॉच सरसावलं, तसे मॉर्टी झेलिंगने डोळेच मिटून घेतले.

शनिवारच्या दुपारी, पोमोना गावातल्या थिएटरात, मॉर्टीचा सिनेमा प्रदर्शनाआधी लोकांना दाखवून पाहत होते. लोक कुठे हसतात, किती हसतात, हे संकलक फ्लोरेन्स घड्याळ लावून टिपत होती. हशा येईल तिथे तिने दोन-तीन सेकंदांची जागा सोडली होती, पुढचं वाक्य बुडू नये म्हणून.

मॉर्टीचा जीव एकाच वाक्यात अडकला होता. सासूबाई जावयापुढे सूपचं भांडं ठेवून म्हणतात, "या घरात एकानेच दुसऱ्यांदा सूप मागितलं होतं. तो बघ भिंतीवर त्याचा फोटो." मॉर्टीने लिहिलेलं हे वाक्य अकरा वर्षांत तीन दिग्दर्शकांनी तीन सिनेमांतून उडवलं. तिघांनीही पाठ थोपटून म्हटलं, "पुढच्या सिनेमात बघू." वाक्याचा कागद पाकिटात घेऊन फिरणारा मॉर्टी शेवटी हट्टाने स्वतःच दिग्दर्शक झाला.

मॉर्टीने डोळे किलकिले करून पाहिलं. पडद्यावर सासूबाईंनी झाकण काढलं. चमचाभर सूप चाखलं, जावयाकडे पाहिलं आणि मुकाट्याने झाकण परत ठेवलं.

लोक असे काही हसले की विचारू नका. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर थापा मारू लागली. सासूबाईंचे ओठ हलले, पण शब्द कुणाच्याच कानावर पडला नाही.

"नऊ सेकंद!" बाहेर आल्यावर फ्लोरेन्स म्हणाली. "तोंड नको पाडूस. जागा वाढवते, येईल ऐकू तुझं लाडकं वाक्य."

मॉर्टीचं लक्ष नव्हतं. ती थापा मारणारी बाई तिकीटखिडकीतल्या मुलीला, हातात काही नसताना, झाकण ठेवून दाखवत होती. मुलीने सिनेमा पाहिलाच नव्हता, तरी ती खिदळत होती. मॉर्टीलाही हसू आवरेना.

"काढून टाक," तो म्हणाला.

"काय?"

"वाक्य. झाकण ठेवलं की संपलं. वर आणखी बोलायचं कशाला?"

फ्लोरेन्स बघतच राहिली. "आणि लेखक बोंब मारेल त्याचं काय?"

"मारू दे. अकरा वर्षं मारतोच आहे."

मॉर्टीने पाकिटातला कागद काढला, घडी नीट केली आणि परत आत ठेवून दिला.

"त्याला म्हणावं," पाकीट थोपटत तो म्हणाला, "पुढच्या सिनेमात बघू."