पहिल्या पानाचे पैसे

शिवणकाम करणारी बाई सकाळी सव्वादहाला ऑफिसात शिरली, तेव्हा गळ्यातली टेप काढायचंही तिला सुचलं नव्हतं. अकरा वाजता तिच्या दुकानाची मागची भिंत पाडायला माणसं येणार होती. शेजारच्या गोदामवाल्याने मोजणी करून घेतली आणि भिंत एक फूट त्याच्या जागेत निघाली. दुकानाचं छप्पर त्याच भिंतीवर टेकलेलं. भिंत गेली की दुकान गेलं.

"मोजणी तुमच्या वहीवरून केली म्हणे," ती म्हणाली. "मला ती वही बघायचीय."

माझे मामा मोजणीदार. मीही मोजणीदार, त्यांच्याच हाताखाली. पण आमचं पोट मोजणीवर नाही, कपाटांवर चालतं. मेलेल्या मोजणीदारांच्या जुन्या वह्या मामांनी रद्दीच्या भावात उचलल्या. हद्दीचे मूळ दगड कुठे पुरले, कुठून किती मोजलं, ते फक्त त्या वह्यांत. म्हणून बाकीचे मोजणीदार नाक मुठीत धरून आमच्याकडे येतात आणि पानावर पैसे मोजून झेरॉक्स नेतात.

"बघण्याचेही पैसे पडतात, ताई," मामा म्हणाले. "कितवं पान?"

"मला काय माहीत कितवं!"

"दुखतंय कुठे, ते पेशंटनेच सांगायचं असतं."

हा त्यांचा ठरलेला विनोद. बाई हसली नाही. मी वही काढायला आत गेले.

बेचाळिसावं पान. तीन आठवड्यांपूर्वी गोदामवाल्याच्या मोजणीदाराला, एका चष्मेवाल्याला, त्याची झेरॉक्स मीच काढून दिली होती. रस्त्याकडच्या दगडापासून बाईच्या जागेची हद्द तीनशे फुटांवर. भिंत तीनशे एकवर. सरळ हिशोब. पान बघून झालं आणि सहज म्हणून मी वहीचं पहिलं पान उलटलं.

'मोजणीची साखळी आज ताडून पाहिली. कड्या झिजल्याने शंभर फुटांना अर्धा फूट लांब भरते. या वहीतली सर्व मापे त्याप्रमाणे वाढवून घ्यावीत.'

साखळी लांब, म्हणजे तिने मोजलेले तीनशे फूट खरे तीनशे एक आणि वर अर्धा. भिंत बाईच्याच जागेत होती. जुने मोजणीदार वही सुरू करताना आधी साखळी तपासायचे आणि पहिल्याच पानावर लिहून ठेवायचे. हे शेंबड्या पोराला कळतं. पण आम्ही पान विकायचो, वही नाही.

मामांना मी आत बोलावलं आणि ओळ दाखवली. त्यांनी आधी दार लावलं.

"वही जागेवर ठेव."

"मामा, अकराला भिंत पडतेय."

"बेचाळिसाव्या पानाच्या झेरॉक्सवर शिक्का कुणाचा आहे? माझा. उद्या गोदामवाला माझ्या उरावर बसेल."

"मग बसू दे."

"चाळीस वर्षं ही कपाटं मी सांभाळली. भाडं मी भरलं, वाळवी मी काढली. तेव्हा कुणाची भाची आली होती मदतीला? सांभाळायचे पैसे घेणं पाप आहे का गं?"

"सांभाळायचे घ्या. पण असं पहिलं पान आहे, हेसुद्धा सांगायचं नाही, त्याचे कसले पैसे?"

"गिऱ्हाईक जे मागेल ते द्यायचं. मागितलं नाही, त्याला मी काय करू?"

घड्याळात दहा पस्तीस झाले होते. मी वही काखेत मारली.

"बाहेर पाऊल टाकलंस तर परत यायचं नाही," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

बाईच्या स्कूटरवर मागे बसून मी निघाले. वाटेत तिला सगळं सांगितलं. तिने स्कूटर आणखी जोरात हाणली.

पोचलो तेव्हा भिंतीचे वरचे दोन थर उतरवून झाले होते. "अकरा कुठे वाजलेत?" बाई किंचाळली. घण हातात धरून माणूस शिडीवर थांबला. गोदामवाला ओरडला, "थांबतोस काय? पाड!"

बाजूला उभ्या चष्मेवाल्यापुढे मी वही उघडली. त्याने ओळ दोनदा वाचली. त्याचा चेहरा उतरला.

"मी विचारलं होतं," तो हळू म्हणाला. "वहीत आणखी काही आहे का, असं. तुझे मामा म्हणाले, शोधायचे वेगळे पडतील. माझा गोदामवाला एका पानाच्या वर दमडी द्यायला तयार नव्हता. आणि मीही जाऊ दे म्हटलं."

तो वळला आणि शिडीवरच्या माणसाला म्हणाला, "खाली उतर. माझी मोजणी चुकलीय."

गोदामवाल्याने त्याची आई-बहीण काढली, माझी काढली, पोलिसात जाईन म्हणाला. चष्मेवाल्याने हद्दीवर स्वतः ठोकलेली खुंटी हलवून हलवून उपसली. मग फोन काढून वहीच्या पहिल्या पानाचा फोटो घेतला. पैशांबद्दल त्याने विचारलं नाही, मीही बोलले नाही.

बाई भिंतीच्या उतरलेल्या थराकडे बघत होती. मला वाटलं, आता रडेल.

"या वहीतली आणखी किती पानं विकलीत?" तिने विचारलं.

झेरॉक्स सगळ्या मीच काढल्या होत्या. आकडा मला पाठ होता.

"सतरा."

"मग इथे उभी काय राहिलीस?" ती म्हणाली आणि स्कूटरची किल्ली माझ्या हातात कोंबली.